निळीच्या कोटाची बटणं

"मेली का गं ती?" दार उघडता उघडता सासूबाईंनी विचारलं.

"नाही. आहे अजून."

"बरं." सुनेच्या अंगावरच्या झोळीत डोकावून नात झोपल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि त्या पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

नळवाला येऊन गेला का, कपडे वाळले का हे विचारावं, त्याच सुरात हा प्रश्न दर रविवारी विचारला जायचा आणि त्याच सुरात त्याचं उत्तर मिळायचं. एखादा पाहुणा त्या वेळी समोर बसलेला असता तर त्याच्या हातातला कप हातातच राहिला असता. पण घरच्यांना ठाऊक होतं, की 'ती' म्हणजे निळी, आणि निळी ही काही हाडामांसाची बाई नव्हे.

निळी राहायची एका कागदावर. तो कागद असायचा एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या कपाटात. रविवारी दुकान बंद असलं की दुपारी तिथे चार माणसं टेबलाभोवती बसायची आणि तोंडानं एक खेळ खेळायची. ना पट, ना सोंगट्या. भविष्यातलं एक शहर होतं. तिथे सरकार नावापुरतं, राज्य सगळं कंपन्यांचं. लोक आपले धडधाकट हात काढून त्या जागी लोखंडी बसवून घेत, आणि प्यायचं पाणीच काय, वरचं आभाळसुद्धा कोणीतरी भाड्यानं देई. त्या शहरात प्रत्येकानं एकेक माणूस होऊन वावरायचं. आपण काय करणार ते बोलून सांगायचं, जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं, आणि उरलेलं सगळं शहर एकट्या सूत्रधारानं चालवायचं.

सूत्रधार म्हणजे दुकानाचा मालक. नाव असूनही त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत. मवाळ, मध्यमवयीन, दिवसभर लोकांना 'आता बरं दिसतं, का आता?' असं विचारून तोच सूर गळ्यात बसलेला. कोणाच्या पाठीत सुरा खुपसतानाही तो तितक्याच काळजीनं विचारायचा, "वळून पाहणार आहात का?" त्याच्या उजव्या हाताला बसायच्या मामी. त्या कोणाच्याच मामी नव्हत्या. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहून राहून त्यांचं हे नातं सगळ्या गावाशी जडलं होतं. खेळात त्या संगणकांच्या जाळ्यात शिरून कुलुपं उघडायच्या. समोर बसायचा या सुनेचा धाकटा दीर, लिफ्ट दुरुस्त करणारा. खेळात त्याला लोखंडी हात होता आणि अक्कल जेमतेम होती, आणि दोन्ही भूमिका तो जीव ओतून करायचा.

आणि चौथी ती स्वतः. तिला तिथे मास्तर म्हणत, कारण कामावरही तिला मास्तरच म्हणत. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती बेतकाम करायची. लांबच लांब टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं मापं आखायची, आणि मग सगळ्या थरांतून एकदम पातं फिरवायचं. एक रेघ चुकली की पहारेकऱ्यांची अख्खी पलटण एका बाहीनं आखूड. म्हणून तिथे एक शिस्त होती. पातं चालू करण्याआधी मास्तरनं मापं मोठ्यानं वाचायची. समोरच्यानं विचारायचं, "झाली?" मास्तरनं म्हणायचं, "झाली." त्यानंतर कापडाशी वाद नाही. जे कापलं गेलं ते कापलं गेलं.

हीच शिस्त तिनं खेळात आणली होती. झालं असं, की एकदा दिराच्या डोक्याला गोळी लागायची वेळ आली तेव्हा तो शपथेवर सांगू लागला की आपण सकाळपासून शिरस्त्राण घालूनच फिरतोय. सगळी दुपार त्या भांडणात गेली. शेवटी मास्तर म्हणाली, कामावर करतो तसं करू. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला अंगावर काय आहे ते डोक्यापासून पायापर्यंत सांगायचं. चष्मेवाल्यानं विचारायचं, झाली? झाली म्हटलं की फासे. बोललं ते अंगावर, न बोललं ते घरी. याला ते 'मापं देणं' म्हणू लागले. दिरानं महिनाभर तोंड वाकडं केलं आणि मग सवयीनं तोही देऊ लागला.

कारण कपड्यांवरच त्या शहरात जगणं-मरणं होतं. प्रत्येक कपड्याला दोन आकडे असत, एक कवचाचा, एक रुबाबाचा. कवच म्हणजे तो गोळी किती अडवतो. रुबाब म्हणजे तो दारं किती उघडतो. दोघांचं आपसात हाडवैर. जाड पत्र्याचं जाकीट चढवलं तर गोळीला दाद देत नाही, पण चांगल्या ठिकाणी कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. रेशमी झगा घातला तर सगळे उठून खुर्ची देतात आणि पहिल्याच गोळीत कारभार आटोपतो.

निळीच्या कोटात मात्र दोन्ही होतं. तो कोट मास्तरचा जीव की प्राण. घोट्यापर्यंत लांब, रात्रीसारखा निळा, उभी कॉलर, कंबरेत बेतानं घेतलेला. वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये, जिथे एरवी नुसता कॅनव्हास असतो, तिथे चिनी मातीच्या पातळ चकत्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक अर्धी चढवलेल्या. धातूचा कण नाही, म्हणजे दारावरचं यंत्र ओरडायला नको. चष्मेवाला म्हणाला होता, एवढं वजन घेऊन कोट लोंबणार, रुबाब कसला? तेव्हा मास्तरनं वर्तमानपत्राचा छोटा नमुना कापून आणला आणि वजन खांद्यावर कसं टेकतं, बाहीचा मुंढा थोडा खोल घेतला की हात कसा मोकळा राहतो, ते टाचण्या लावून दाखवलं. त्यानं तो नमुना चष्म्याची काच तपासावी तसा तपासून बघितला, दोन्ही आकडे भरघोस दिले, आणि पेन्सिलीनं पुढे लिहिलं : बटणं लावलेली असतील तर. उघड्या कोटात कसलं आलंय कवच. हे मास्तरलाही मान्यच होतं. निळी आजवर कधी उघड्या कोटानं फिरली नव्हती.

मग बाळंतपण आलं आणि निळी झोपली. न आलेल्याचं माणूस खेळातल्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपतं, त्याला कोणी हात लावायचा नाही, हाही त्या टेबलावरचा रिवाज. दिरानं मध्ये एकदा कोट उसना मागितला होता. मामींनी त्याला विचारलं म्हणे, "झोपलेल्या बाईच्या अंगावरचा?" तेव्हापासून त्यानं विषय काढला नाही.

मुलगी मान धरू लागली तशी मास्तर परत जाऊ लागली. तेव्हा घरात थोडं वाजलं. भांडण म्हणावं इतकं मोठं नव्हतं. नवरा म्हणत होता, रविवारी दोन तास झोप काढ, डोळे बघ कसे झालेत. सासूबाई म्हणत होत्या, पोर बाटली तोंडात धरत नाही, मग तिला घेऊन जाणार का त्या दुकानात? दोघांचंही चुकत नव्हतं. मास्तर त्या दिवशी इतकी थकलेली होती की मुद्दे मांडायला जीभ उचलेना. विषय संपावा म्हणून ती म्हणाली, निळी आहे तोवर जाते. ती मेली की सोडते.

विषय संपला. पण शब्द घरात राहिला. सासूबाईंनी तो भिंतीवर खिळा ठोकावा तसा लक्षात ठेवला.

आठवडाभर मास्तरला सगळे काहीतरी मागायचे. मुलगी दूध मागायची, कारखान्यातून फोन यायचा की नव्या मुलाला मुंढ्याचा बाक जमत नाही, नवऱ्याला मोजे सापडायचे नाहीत. याची तिला तक्रार नव्हती. मुलीच्या टाळूचा वास घेताना तर तिला दुसरं काही आठवायचंही नाही. फक्त रविवारी दुपारी कोणीतरी टेबलापलीकडून "मास्तर, तुम्ही काय करता?" असं विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत तिघं जण थांबायचे. एवढंच होतं. तेवढ्यासाठी निळी जगायला हवी होती.

आणि निळी जगत होती. जरा जास्तच नीट जगत होती. मास्तर परतल्यापासून शहरातल्या गोळ्यांना जणू डोळे फुटले होते. गोळीबार झाला की सगळ्या गोळ्या दिराच्या लोखंडी हातावर वाजायच्या. गुंडांना निळी दिसायचीच नाही. फासे पडायचे चष्म्यांच्या फ्रेमा ठेवायच्या मखमली तबकात, मुलगी उठू नये म्हणून, तेही ठीक. पण पडलेले फासे बघून चष्मेवाला क्षणभर थांबायचा, झोळीकडे बघायचा, आणि म्हणायचा, "थोडक्यात हुकली." मास्तरनं पहिल्यांदा ते नशिबावर घातलं. दुसऱ्यांदाही. मग तिला कळलं. कापड हाताखालून जातं तेव्हा कुठे ओढ पडतेय ते बोटांना कळतंच. पाहुण्याला वाढतात तसं तिला वाढत होते, आणि वाढणाऱ्यांचा हात धरायचा तरी कसा.

त्या रविवारी काम अवघड होतं. पाण्याच्या कंपनीच्या मनोऱ्यावर, अगदी वरच्या मजल्यावर, मोठी मेजवानी होती. कंपनीत एक रसायनतज्ज्ञ बाई अडकून पडली होती. तिला पळून जायचं होतं आणि कंपनी तिला नजरेआड होऊ देत नव्हती. मामी तळघरात बसून दारं आणि लिफ्ट सांभाळणार, दीर खाली गाडी चालू ठेवून थांबणार, कारण लोखंडी हातासकट वर जाणं शक्यच नव्हतं. वर एकटी निळी. तिथे कवचवाल्यांना प्रवेश नाही आणि रुबाब नसलेल्यांना तर नाहीच. असं काम त्या कोटासाठीच बेतल्यासारखं होतं.

"चला, मापं," चष्मेवाला म्हणाला.

मामींनी आपली दिली. दिरानं आपली दिली, बनियनसकट. मास्तरची पाळी आली आणि नेमकी त्याच वेळी मुलगी कुरकुरली. मास्तरनं सवयीनं तिला झोळीतच वळवलं. बाळंतपणानंतर तिनं आपले सगळे सदरे उसवून पुन्हा पुढून उघडणारे केले होते. एका हातानं, न बघता, बोलता बोलता बटणं काढायची इतकी सवय झाली होती की बटणं काढतोय हेही तिला कळत नसे. मुलगी प्यायला लागली. खोलीत तेवढाच आवाज. मास्तर भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत सांगू लागली, की केस वर बांधलेत, कानात काही नाही, कोटाची कॉलर उभी, बाह्या मनगटापर्यंत, पुढची बटणं उघडी, आत राखाडी रेशमी सदरा, पायांत मऊ तळव्यांचे बूट.

चष्मेवाल्याची पेन्सिल थांबली. त्यानं मान वर केली. मास्तर मुलीच्या कानामागचं दूध पुसत होती.

"झाली?" त्यानं विचारलं.

"झाली."

त्यानं लिहून घेतलं.

मेजवानी मास्तरनं अशी काही रंगवली की दीरसुद्धा मध्ये बोलला नाही. दारावरच्या पहारेकऱ्यानं निळीला आमंत्रण मागितलं, तर तिनं त्याच्याच गणवेशाच्या खांद्याकडे बघून विचारलं, हा झोल कोणी ठेवला? तो ओशाळून बाजूला झाला. कंपनीच्या संचालकानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. रसायनतज्ज्ञ बाई खिडकीशी एकटी उभी होती, हातातलं पेय न पिता; निळीनं तिच्या कोपराला हात लावला आणि दोघी जुन्या मैत्रिणींसारख्या बोलत बोलत मागच्या बोळात आल्या. लिफ्टपर्यंत पंचवीसेक पावलं असतील नसतील. तिथे कंपनीचा माणूस उभा होता. त्यानं बाईला ओळखलं. निळी पुढे झाली. त्यानं पिस्तूल काढलं.

फासे मखमलीवर पडले. त्यांत 'हुकली' म्हणायला फट नव्हती. समोरून, जवळून, छातीवर.

मास्तरनं कोटाचा आकडा सांगितला. खरचटण्यापुरतंसुद्धा लागणार नव्हतं. ती पुढचं सांगणार, इतक्यात चष्मेवाला म्हणाला,

"मास्तर, कोट उघडा आहे."

"कोणाचा?"

त्यानं कागद तिच्याकडे वळवला. त्याच्या अक्षरात, तिचे शब्द. पुढची बटणं उघडी. मास्तरनं ते वाचलं आणि मग खाली, स्वतःकडे पाहिलं. मुलगी पिऊन कधीच झोपली होती. सदरा अजून उघडाच होता.

पहिला दीर उठला. हे काय मापं देणं झालं का, असं तो म्हणू लागला. वहिनीच्या अंगात स्वतःचा सदरा होता, ती त्याचं बोलत होती, हे शेंबड्या पोरालाही कळेल. त्याचा आवाज चढला तसा मामींनी झोळीकडे बोट दाखवलं आणि तो कुजबुजत भांडू लागला. तो इतका का भांडतोय ते फक्त मास्तरला कळत होतं. तो त्याच घरात राहायचा. सासूबाईंचा प्रश्न तोही दर रविवारी ऐकायचा.

मामींनी मधला मार्ग काढला. बोळातून येताना कोणीही बाई कोट सावरतेच, म्हणाल्या, तेव्हा लावली असतील बटणं. चष्मेवाल्यानं चष्मा काढून पुसला. त्याला ते चालणार होतं. त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की कोणी तरी हे म्हणावं याचीच तो वाट बघत होता. निम्मं कवच धरू, तो म्हणाला. निळी जखमी होईल, पण वाचेल.

आता तिघंही मास्तरकडे बघत होते. तेच, ज्यासाठी ती दर रविवारी यायची. तिघं जण थांबले होते.

तिनं आधी सदऱ्याची बटणं लावली. वरपासून, एकेक. तेवढ्या वेळात तिला दिसलं, की निम्मं कवच घेतलं तर निळी जगेल. पुढच्या रविवारी, त्याच्या पुढच्याही. गोळ्या वळून जातील, फासे हळूच पडतील, आणि कोणी तिला कधी विचारणार नाही, झाली? कारण तिची झालेली मापं ही झालेली धरायची नाहीत हे ठरून गेलेलं असेल. आणि नाही घेतलं तर घरी जाऊन सासूबाईंना काय सांगायचं तेही तिला दिसलं.

"मापं दिली होती मी," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत, झाली का. मी झाली म्हटलं. टाका फासे."

"वहिनी, अगं—"

"भावजी, तुमच्या शिरस्त्राणाच्या वेळी मीच भांडले होते ना?"

तो खाली बसला. चष्मेवाल्यानं फासे टाकले. इजा किती ते त्यानं नेहमीच्या आवाजात सांगितलं, डोळ्यांचा नंबर सांगावा तसं. निळी मरणार होती. लगेच नाही, खेळाच्या हिशेबानं तिच्याकडे एक कृती उरली होती, आणि मग जेवढं चालता येईल तेवढं चालणं. त्या माणसाचं पिस्तूल अडकलं होतं, मामींनी बोळातले दिवे घालवले होते, पण लिफ्टसमोर आता तोच उभा होता. वाट एकच, जिथून आले तिथून. भरल्या मेजवानीतून.

"तुम्ही काय करता, मास्तर?"

"बटणं लावते."

दीर फिस्सकन हसला आणि मग त्यालाच कसंतरी झालं.

"गोळी आत आहे आता," चष्मेवाला हळू आवाजात म्हणाला. "कवचाचा उपयोग नाही."

"कवचासाठी नाही लावत. भोक झाकायला. आत रक्त आहे, वर निळा कोट आहे. अस्तर दाट विणीचं आहे, लगेच बाहेर येणार नाही. मी त्या बाईचा हात धरते आणि मेजवानीतून चालत जाते."

चष्मेवाल्यानं कागदावरचा कोटाचा दुसरा आकडा बघितला. मग म्हणाला, रुबाबावर टाका. आणि या खेपेला त्यानं तबक तिच्यापुढे सरकवलं नाही. फासे तसेच, उघड्या लाकडावर टाकायला, तिच्या हातात दिले. तिनं ते टाकले. चांगला खणखणीत आवाज झाला. मुलगी दचकली, पण उठली नाही.

पुरेसं पडलं होतं.

निळी सगळ्या मेजवानीतून चालत गेली. संचालकानं इतक्यात निघालात का म्हणून विचारलं, तर तिनं मान थोडी कलती केली. दारावरच्या पहारेकऱ्यानं आपल्या खांद्यावरचा झोल हातानं दाबून धरत तिला वाट दिली. मामींनी समोरची लिफ्ट आणली. दिराची गाडी खाली होतीच. रसायनतज्ज्ञ बाई पुढे बसली आणि निळी मागच्या सीटवर, जिथे ती इतके महिने झोपली होती. गाडी पुलावर पोचेपर्यंत तिनं कोणाला काही सांगितलं नाही. मग सांगायला कोणी उरलं नव्हतं.

दीर म्हणाला, की तो आरशात बघतो. काय दिसतं?

"कोट दिसतो," मास्तर म्हणाली. "नीट लावलेला."

मामींनी पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि सर्दीला दोष दिला. चष्मेवाल्यानं निळीचा कागद उलटा करून कपाटात ठेवला, वर्तमानपत्राच्या नमुन्यासकट. मग त्याच कपाटातून एक कोरा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. घरच्या शब्दाची त्याला कल्पना नव्हती. त्याच्या दृष्टीनं माणूस मेलं की नवं करायचं, एवढंच होतं.

मास्तरनं कागदाची दोनदा घडी घातली आणि झोळीच्या कडेला खोचली.

परतताना दीर दोन पावलं मागून चालत होता. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाला, आईला सांगू की दवाखान्यात ठेवलंय. बेशुद्ध आहे. महिनोनमहिने असू शकतं माणूस बेशुद्ध. मास्तर म्हणाली, नको.

"मग काय सांगणार?"

"झालं ते."

दार सासूबाईंनीच उघडलं. "मेली का गं ती?"

"मेली."

सासूबाईंचा हात सुनेच्या हातातल्या पिशवीपर्यंत येऊन तिथेच राहिला. इतके रविवार विचारूनही हे उत्तर येईल अशी त्यांची तयारी नसावी. आतल्या खोलीत नवरा लंगोट घड्या करत होता. त्याच्याही घड्या थांबल्या. तो दारात आला. मेली म्हणजे, त्यानं विचारलं, आता रविवारी तू घरी?

"सोडते म्हणाले होते खरी," मास्तर म्हणाली. झोळीची गाठ सोडवत होती, त्यामुळे कोणाकडे बघायची गरज नव्हती. "पण ती मरेल असं वाटलं नव्हतं म्हणून म्हणाले होते. नाही सोडणार मी. दुसरी करणार आहे."

नवऱ्यानं आईकडे पाहिलं, आईनं त्याच्याकडे. दिरानं बूट काढायला जितका वेळ लावता येईल तितका लावला.

"रविवारी पोरीला घेऊनच जायला हवं का मग?" नवरा शेवटी म्हणाला. "म्हणजे, नेशील तर ने. पण मधेच एकदा बाटली देऊन बघू म्हणत होतो मी. नाहीतर वाटी-चमच्यानं घेईल कदाचित." त्यानं मुलीला हातात घेतलं आणि लंगोटांच्या ढिगाशी परत गेला. हो-नाही काहीच न म्हणता त्याचं म्हणून झालं होतं.

सासूबाई अजून तिथेच होत्या.

"कशानं मेली?"

"कोट उघडा राहिला. पुढची बटणं. मी पाजत होते, बोलता बोलता तोंडातून गेलं."

सासूबाईंनी तिच्या सदऱ्याकडे पाहिलं. मग पुढे झाल्या आणि वरून दुसरं बटण, जे चुकीच्या काजात गेलं होतं, काढून नीट लावलं. अशा काय मरायच्या गोष्टी असतात का, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. जाऊन स्वयंपाकघरातला गॅस बारीक करून आल्या.

"पुढे बटणं ठेवायचीच कशाला पण?" त्या म्हणाल्या. "हा धाकटा झाला तेव्हा मी सगळे सदरे एकावर एक पदर येईल असे शिवून घेतले होते. वरचा पदर पार इकडे, काखेखाली बांधायचा. समोरून बघणाऱ्याला बंद. आपला हात आत जायचा तेव्हा जातो."

मास्तरनं झोळीच्या कडेचा कागद काढून टेबलावर सपाट केला. घड्यांच्या रेघा राहिल्या होत्या.

"पदर किती आत जायचा?" तिनं विचारलं. "वजन आहे त्याला. चकत्या दुहेरी येतील."

"मग येऊ देत. दुहेरी आल्या तर चांगलंच ना ते?"

दिरानं शिवणाच्या डब्यातून खडू आणून आईच्या हातात दिला. सासूबाईंनी सुनेला उजेडात उभं केलं, तिचा डावा हात वर करायला लावला, आणि सदऱ्यावर खांद्यापासून काखेपर्यंत तिरकी रेघ ओढली.

"इथपर्यंत," त्या म्हणाल्या. "झालं?"

"थांबा," मास्तर म्हणाली, आणि मान वळवून रेघ कुठून कुठे गेलीय ते नीट बघू लागली.